कंबरदुखी आणि नित्य व्यायाम

कंबरेच्या ५ मणक्यांपासून निघालेला एक बळकट स्नायू खुब्यापुढून मांडीच्या हाडास मिळतो. तासन् तास बसल्याने तो आखडू शकतो. म्हणून पाठदुखीचे मूळ कधी कधी खुब्यापाशीही असते.

एक गुडघा जमिनीस टेकावा, दुसरे पाऊल पुढे रोवावे. पाठ ताठ ठेवून कंबर सावकाश पुढे न्यावी. मागील पायाच्या जांघेत ताण जाणवताच ३० सेकंद स्थिर राहावे. हिसका देऊ नये, श्वास कोंडू नये. मग पाय बदलावा.

पूर्वी कंबरदुखीवर अंथरुणातील विश्रांती सांगत. आता बेताची हालचाल हितकर ठरली आहे. मात्र पाय बधिर झाल्यास, ताप आल्यास अथवा लघवीवरील ताबा सुटल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी विलंब केल्यास कायमचे अपंगत्व येण्याचा संभव असतो.