वासाचा मणी : लोबान की अंबर?

प्रश्न : गड्डा यात्रेत मधाच्या रंगाची मण्यांची माळ घेतली. विक्रेता म्हणाला, ‘लोबानाचा खडा आहे, म्हणून वास येतो.’ घरी पाहुण्यांनी सांगितलं, ‘हे तर अंबर, फार किमती.’ धुपासाठी जाळायची वस्तू रत्न कशी होईल? खरं कोणाचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : निखाऱ्यावर टाकली की जिचा धूर होतो, ती वस्तू गळ्यात रत्न म्हणून कशी मिरवते, ही तुमची शंका रास्त आहे. लोबान आणि अंबर या दोन्हींचा जन्म एकच : झाडाला जखम झाली की पाझरणारी राळ. फरक आहे तो वयाचा.

ताज्या राळेत उडून जाणारी तेलं असतात. वास त्यांचाच. राळ मातीखाली गाडली गेली की लाखो वर्षांत ही तेलं निघून जातात, उरलेले रेणू एकमेकांत घट्ट गुंततात आणि पॉलिश घेईल इतका कठीणपणा येतो. हेच अंबर. ते दगड नव्हे, आजही पेटतं. पण एरवी त्याला वास जवळजवळ नसतो, घासलं किंवा तापवलं तरच येतो. म्हणून ‘वास जास्त तितकं अंबर अस्सल’ हा समज उलटा आहे.

मग लोबानाचे मणी का करत नाहीत? सुमात्राहून येणारा लोबान ठिसूळ असतो, भोक पाडतानाच तडकतो. सातपुड्यातल्या सालईच्या धुपात राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानेच मणी चिकट होईल. राळ आणि अंबर यांच्या मधली अवस्था म्हणजे कोपल. त्याचे मणी होतात, आणि बाजारात ते अंबर म्हणून सर्रास खपवले जातात.

अंबर म्हटलं की लोकांना युरोपातला बाल्टिक किनारा आठवतो. पण ते आपल्या शेजारीही सापडतं! सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइट खाणीत पाच कोटी वर्षांहून जुनं अंबर मिळालं. त्यात अडकलेल्या सातशेहून अधिक किडे-कोळ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ती राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची होती. काष्ठौषधीच्या दुकानात आज मिळणारी राळही सालाचीच! सोलापूरच्या काळ्या पाषाणात मात्र अंबर शोधू नका. तो थिजलेला लाव्हा आहे. त्या उष्णतेत राळ जळूनच जाते.

अत्तरातला ‘अंबर’ आणखी वेगळा. तो मुळात स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. त्याची खरेदी-विक्री आपल्याकडे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊच नका.

आता तुमची माळ. एक मणी सुटा करा. पेल्याच्या तळाशी मीठ उरेल इतकं खारं पाणी करून त्यात टाका. बुडाला तर काच किंवा बेकेलाइट. तरंगला म्हणून लगेच अंबर ठरत नाही, कोपल आणि काही प्लास्टिकही तरंगतं. म्हणून मणी पुसून भोकाजवळ नेलपेंट काढायच्या अ‍ॅसिटोनचा थेंब ठेवा. चिकट झाला तर कोपल किंवा प्लास्टिक. तापलेली सुई मात्र टोचू नका, मणी कायमचा खराब होतो.

न घासताही दरवळत असेल, तर माळ अंबराची नाही : कोपलाची असेल, नाहीतर वरून सुगंध लावलेली. आवडली असेल तर खुशाल घाला. पण कोणी अंबराचा भाव सांगितला, तर आधी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला मागा.