अतिनील लेसर हवा, पण स्वस्तात!

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले, की जुन्नर-आंबेगावकडील विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, प्रयोगासाठी अतिनील लेसर हवा आहे. स्वस्तात कोठे मिळेल?" याचे उत्तर देण्यापूर्वी आपण एक उलट प्रश्न विचारू या. तुमच्या प्रयोगाला नेमकी कोणती तरंगलांबी लागते? आणि त्यासाठी लेसरच लागतो का?

स्वस्त उपकरण शोधण्याचा हा मार्ग आपल्याच तालुक्यात पाहायला मिळतो. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस अँटेना असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या जाड पत्र्याच्या केल्या असत्या, तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की आपल्याला पकडायच्या लहरी सुमारे २१ सेंटीमीटरपासून २ मीटरपर्यंत लांबीच्या आहेत. एक-दोन सेंटीमीटर छिद्रांची तारेची जाळी त्यांना आरशासारखीच असते. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि पोलादही कमी लागले. तरंगलांबी नीट ओळखली आणि खर्च उतरला! हीच युक्ती आपण अतिनील प्रकाशाला लावू या.

दृश्य प्रकाशाची जांभळी कड सुमारे ४०० नॅनोमीटरला संपते. तिच्या पलीकडचा, कमी तरंगलांबीचा प्रकाश म्हणजे अतिनील किंवा जंबुपार प्रकाश. प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा काढण्याचे सोपे सूत्र असे : १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळेल.

आता बाजारात काय मिळते ते पाहू.

पहिला, ४०५ नॅनोमीटरचा 'जांभळा लेसर'. ब्ल्यू-रे तबकड्या वाचण्यासाठी असे लेसर मोठ्या संख्येने बनू लागले आणि त्यांची किंमत काही शे रुपयांवर आली. फोटॉनची ऊर्जा ३.०६. पण ४०५ हा आकडा ४०० पेक्षा मोठा आहे! विक्रेता काहीही म्हणो, हा प्रकाश अतिनील नव्हे.

दुसरी, ३६५ नॅनोमीटरची एल.ई.डी. विजेरी. नोटा तपासायला हिचा उपयोग होतो. किंमत अशीच आटोक्यातली, ऊर्जा ३.४०. हिचा प्रकाश खरोखर अतिनील आहे, पण हा लेसर नव्हे.

तिसरा, ३३७.१ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर, ऊर्जा ३.६८. याचा शोध १९६३ साली लागला. नायट्रोजनमधून अतिशय वेगाने विद्युत् विसर्जन केले, की काही नॅनोसेकंदांचा झोत बाहेर पडतो. त्यासाठी आरशांचीही जरुरी नसते. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने १९७४ साली तो घरी बनवण्याची कृतीही छापली होती. मात्र त्यात हजारो व्होल्टचा दाब आणि भारित धारित्रे असतात. चुकून हात लागला तर प्राणावर बेतेल. म्हणून शाळेत हा उद्योग मुळीच करू नये. तयार यंत्र घ्यायचे, तर किंमत लाखांच्या घरात जाते.

चौथा, २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक पाऱ्याचा दिवा. ऊर्जा ४.८८.

यांतील कोणता घ्यावा? समजा, तुम्हांला जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढून प्रकाशविद्युत परिणाम दाखवायचा आहे. जस्तातून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. नाणेघाटातला दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल. तो जकातीचा होता असे सांगतात. कल्पना करा, की जकात माणशी चार नाणी आहे आणि कोणी कोणाला उसने द्यायचे नाही. मग तीन-तीन नाणी घेऊन हजार वाटसरू आले, तरी एकालाही वाट मिळणार नाही. जस्ताचेही तसेच आहे. ४०५ चा लेसर कितीही प्रखर घ्या, त्याचा एकेक फोटॉन अपुराच पडतो. ३३७ चा महागडा लेसरही येथे निरुपयोगी! काम होते ते २५४ च्या साध्या दिव्याने. हा प्रयोग महाविद्यालयातच, दिवा बंद पेटीत ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

आता दुसरा प्रयोग. मंचर-नारायणगावच्या बाजारात मेथी भरपूर मिळते. मूठभर पाने खलबत्त्यात ठेचून औषधी स्पिरिटमध्ये दहा मिनिटे ठेवा आणि गाळून घ्या. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास शेगडी किंवा दिवा नको. हिरवा द्राव काचेच्या नळीत भरून अंधाऱ्या खोलीत ३६५ ची विजेरी त्यावर धरा आणि बाजूने पाहा. हिरवा द्राव गडद लाल दिसू लागेल! शेजारी नुसत्या स्पिरिटची नळी ठेवा. ती लाल होत नाही, म्हणजे ही करामत हरितद्रव्याची. ३.४० ऊर्जेचा फोटॉन गिळून ते सुमारे ६७५ नॅनोमीटरचा, १.८४ ऊर्जेचा फोटॉन बाहेर टाकते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. या घटनेला प्रतिदीप्ती म्हणतात. जिवंत पानात मात्र ही लाली फार मंद असते, कारण तेथे बरीच ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाच्या कामी लागते. हाच प्रयोग स्पिरिटमध्ये हळद घालून केला, तर हिरवट-पिवळी झाक दिसेल.

मग अतिनील लेसर खरोखर कधी लागतो? एकच नेमकी तरंगलांबी, बारीक झोत किंवा अतिशय अल्पकाळचा स्पंद हवा असेल तेव्हा. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी नायट्रोजन लेसरचा झोत ऊतींवर टाकून, त्यांच्या प्रतिदीप्तीवरून कर्करोग ओळखण्याचे संशोधन केले आहे. तेथे लेसरचा खर्च सार्थकी लागतो. मेथीच्या रसाला त्याची गरज नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पापणी मिटत नाही. ३६५ चे किरण डोळ्याच्या भिंगात शोषले जातात. २५४ चे किरण बुबुळावरील पारदर्शक पटल आणि त्वचा भाजतात. ४०५ चा लेसर मंद भासतो, पण तो थेट दृष्टिपटलावर पोहोचतो. स्वस्त लेसरवर छापलेल्या शक्तीच्या आकड्यावर विसंबू नये. विजेरी कधीही कोणाच्या डोळ्यांवर धरू नका आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा लावा. पैसे वाचवून डोळा गमावणे याला स्वस्त म्हणत नाहीत.

आता सांगा पाहू : सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. मग तेथे ४०५ चा लेसर चालेल का? आणि लाल, ६५० नॅनोमीटरचा? गणित वहीत मांडा. बाजारात जायचे ते त्यानंतर.