थर, कीटण आणि आपले दात

मराठी भाषेने दातांचे भरपूर कौतुक केले आहे. सुंदरीच्या दातांना कुंदकळ्यांची उपमा आहे, कंजुषाला ‘दात कोरून पोट भरत नाही’ हा टोला आहे आणि नशिबाच्या थट्टेसाठी ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आहे. एखाद्याला पुन्हा पुन्हा विनवून थकलो की आपण ‘दातांच्या कण्या केल्या’ म्हणतो. परंतु हे दात जातात का, या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली असतात. एक, कीड लागली. दुसरे, वय झाले.

माझ्या वडिलांचे चार दात पन्नाशीच्या आत गेले. त्यांतल्या एकालाही कीड नव्हती. दात चांगले शाबूत होते. ते नुसते हलू लागले आणि एकामागून एक निघून आले. पन्नाशीला ‘वय झाले’ म्हणावे असेही नाही. मग हे झाले कसे? मी कला शाखेचा, त्यातही संस्कृतचा विद्यार्थी. दंतवैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच यावयाचा. तरीही या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले आणि तज्ज्ञांकडून समजून घेतले, ते सहाध्यायांपुढे ठेवावे असे वाटले. कारण यातले बहुतेक सारे आपल्या हातचे आहे, आणि तेही विशीतच.

थर कसा बसतो?

दात कितीही स्वच्छ घासले तरी काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ, न दिसणारा पापुद्रा त्यांच्यावर चढतो. हा पापुद्रा निरुपद्रवी, किंबहुना उपकारकच असतो. परंतु पुढल्या काही तासांत तोंडातले जिवाणू त्याला चिकटू लागतात. ते वाढतात, एक चिकट द्रव्य तयार करतात आणि त्याच्या आधाराने वस्ती करतात. हाच तो पांढुरका, पिवळसर, मऊ थर. इंग्रजीतून आलेला ‘प्लाक’ हा शब्द याचाच. हिरडीच्या कडेला नख ओढले तर नखाला जो मऊ लगदा लागतो, तो हा. त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात.

हे जिवाणू प्रथम पाहिले ते कोणा वैद्याने नव्हे, तर हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्याने. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहुक. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून त्याने आपल्याच दातांवरचा मळ पाहिला आणि १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यातल्या वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन कळविले. गंमत अशी की हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासणारा, आपल्या दातांविषयी अभिमान बाळगणारा होता. तरीही दातांच्या फटींत मळ उरलाच होता. दात घासणे आणि दात स्वच्छ होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

हा थर चूळ भरून जात नाही. पाण्याच्या पिंपाची आतली बाजू बुळबुळीत झाली की नुसते पाणी फिरवून ती साफ होत नाही, हात घालून घासावेच लागते. येथेही तसेच आहे.

थराचे दगड होतात

आता या कथेतला दुसरा भाग. आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार विरघळलेले असतात. दाताच्या कवचाची रोजची बारीक झीज भरून काढण्याचे काम ते करतात, म्हणून लाळ ही दातांची मैत्रीण. पण हीच मैत्रीण दातावर थर राहिलेला दिसला की त्यातही क्षार भरू लागते. बंबात किंवा बादलीच्या कडेला जड पाण्याचे पांढरे पुट चढते, त्यातलाच हा प्रकार. काही जणांच्या तोंडात ही क्रिया काही तासांतच सुरू होते, काहींना बरेच दिवस लागतात; परंतु साधारणतः दोन दिवसांत न काढलेला थर बराचसा क्षारमय होऊ शकतो आणि दहा-बारा दिवसांत त्याचा पक्का दगड होतो. यालाच आपण कीटण म्हणतो, डॉक्टर टार्टर किंवा कॅल्क्युलस म्हणतात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने फिरवून पाहावे. तेथे खरखरीत लागले तर ते बहुधा कीटणच. ते नेमके तेथेच का? कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे तेथे उघडतात. गालातल्या मोठ्या ग्रंथीची नलिका वरच्या दाढांसमोर उघडते, म्हणून त्या दाढांची गालाकडची बाजू ही कीटणाची दुसरी आवडती जागा.

या दोन पदार्थांतला फरक हाच साऱ्या विषयाचा गाभा आहे. थर मऊ असतो. तो आपला आपल्याला काढता येतो. कीटण कठीण असते; ते ब्रशाने, मिठाने, लिंबाने वा कोणत्याही मंजनाने घरी निघत नाही. या दोहोंमध्ये जो एक-दोन दिवसांचा अवधी आहे, तेवढाच आपल्या अधिकारातला. तात्पर्य, कीटण टाळण्याचा उपाय म्हणजे थराला दगड होण्याइतका वेळच न देणे.

हिरडीवर काय गुदरते?

कीटण नुसते दिसायला वाईट असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर नवा थर चटकन बसतो आणि तो काढणे अवघड होते. हिरडीच्या कडेला जिवाणूंची अशी वस्ती कायम राहिली की हिरडी सुजते, लाल होते, तिच्यातून रक्त येते.

हे सिद्ध करणारा एक प्रयोग डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे झाला. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. बारा निरोगी माणसांनी दात घासणे पूर्णपणे थांबविले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे प्रथम वर्षाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट दात घासू लागताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. सुजेचे कारण थरच आहे आणि ही पहिली पायरी परतीची आहे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगाने दाखविल्या.

पुढली पायरी मात्र परतीची नाही. सूज वर्षानुवर्षे टिकली की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते, तिच्यात आणखी थर व कीटण साठते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू विरघळते. दुखत मात्र फारसे नाही. म्हणूनच तो आजार फसवा. ल्यो यांच्याच चमूने श्रीलंकेतील चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांची पाहणी १९७० पासून पंधरा वर्षे केली. हे मजूर दात घासत नसत आणि सर्वांच्याच दातांवर थर व कीटण भरपूर होते. तरीही सुमारे ११ टक्के मजुरांच्या बाबतीत रोग हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. ८१ टक्के मजुरांचे हाड सावकाश झिजत गेले आणि ८ टक्क्यांचे झपाट्याने. ‘आमचे आजोबा कधी दात घासत नसत, तरी ऐंशीव्या वर्षी ऊस खात’ असे सांगणारे आपल्याला भेटतात, ते खोटे बोलत नाहीत. त्यांचे आजोबा त्या अकरांतले असावेत. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, एवढीच अडचण आहे.

दन्तशर्करा

साचलेले कीटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे हे ओघानेच आले. पण येथे आपल्या समाजात एक जबरदस्त भीती आडवी येते. ‘यंत्राने दात साफ केले की मुळे ढिली होतात, फटी पडतात’ हे वाक्य मी घरात, गाडीत, वसतिगृहात असंख्य वेळा ऐकले आहे. वडीलही याच समजुतीपायी वर्षानुवर्षे टाळत आले.

खरा प्रकार असा. हाड आधीच झिजलेले असते आणि फटीत कीटण ठासून भरलेले असते. ते निघाले की झाकलेली फट उघडी पडते आणि सुजलेली हिरडी मूळच्या आकाराला येते. दात ढिला कीटण काढल्याने होत नाही. तो आधीच झालेला असतो, कीटणाने ते लपविलेले असते. चार दिवस थंड पाणी झोंबते, तेही बहुधा ओसरते. यंत्र कंप आणि पाण्याच्या साहाय्याने कीटण फोडते. जाणत्या हाताने ते वापरले तर दाताचे कवच खरवडले जात नाही.

हे कीटण काढणे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असेही कोणी म्हणतात. त्यांना आपल्या ग्रंथांकडे वळावयास सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत ‘दन्तशर्करा’ हा रोग दिलेला आहे. येथे शर्करा म्हणजे साखर नव्हे. या शब्दाचा एक जुना अर्थ खडे, रेती असा आहे. दातांवरचा मळ खड्यांसारखा घट्ट होऊन दातांचे गुण नष्ट करतो, असे तेथे वर्णन आहे. पुढे या खड्यांबरोबर दातांच्या कपच्याही सुटू लागल्या की त्या अवस्थेला ‘कपालिका’ म्हटले आहे. कपाल म्हणजे खापर. चिकित्सेच्या भागात तर स्पष्ट सूचना आहे की वैद्याने दातांच्या मुळांना इजा न करता ही शर्करा काढावी. त्यासाठी ‘दन्तशंकु’ नावाचे शस्त्रही सांगितले आहे. ज्या कामाची आपण धास्ती घेतो, ते या भूमीत दीड-दोन हजार वर्षांपूर्वी वैद्याचे कर्तव्य मानले जात होते. डॉक्टरांचे म्हणणे वडिलांना पटत नव्हते. सुश्रुताचे मात्र पटले. गेलेले चार दात परत येणार नाहीत, झिजलेले हाडही येणार नाही. पण उरलेल्या दातांभोवतीचे रक्त येणे थांबले आहे.

रोजचे काम

आता प्रत्यक्ष उपाय. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात घासावेत, काडीचे टोक चेचून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असे सांगितले आहे. आजच्या शास्त्राला यात बदल करावयाचा नाही, भर तेवढी घालावयाची आहे.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा असावा. तो हिरडी आणि दात जेथे मिळतात तेथे तिरका, सुमारे ४५ अंशांत टेकवावा आणि जागच्या जागी अगदी थोडा हलवावा. मग दाताच्या टोकाकडे वळवावा. करवत चालविल्यासारखे आडवे घासल्याने दातांना खाचा पडतात आणि थर हिरडीच्या कडेला तसाच राहतो. दोन मिनिटे पुरतात, पण ती घड्याळाची असावीत. क्रम ठरलेला असावा, म्हणजे कोणतीही बाजू सुटत नाही. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बहुतेकांकडून सुटते. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचे घासणे चुकवू नये. दोन दातांच्या मधल्या बाजूला ब्रश पोचतच नाही. तेथे दिवसातून एकदा दंतधागा, किंवा फट मोठी असल्यास बारीक फटब्रश वापरावा. सुई, टाचणी, काडेपेटीतली काडी यांना मात्र रजा द्यावी.

पेस्टीचे महत्त्व आपण वाजवीपेक्षा जास्त मानतो. थर काढतो तो ब्रश आणि हात. पेस्टीतले फ्लोराइड कीड रोखते, म्हणून ती जरूर वापरावी. काही पेस्टींतील द्रव्ये नवे कीटण बसण्याचा वेग कमी करतात. बसलेले कीटण त्यांनी जात नाही. राखुंडी, विटेची पूड, जाडे मीठ यांनी दात पांढरे भासतात, कारण कवच घासले जाते. आणि हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नये. रक्त हे थर राहून गेल्याचे लक्षण आहे. तेथे हळुवारपणे पण अधिक नीट घासावे. आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच वेळ काढू नये; दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात.

मशेरीविषयी स्वतंत्र सांगावयास हवे. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची ही पूड दात साफ करण्याच्या नावाखाली आपल्या खेड्यापाड्यांत, विशेषतः बायकांत, वापरली जाते. माझी आजीही लावते. ती दात साफ करीत नाही. हिरडीतून रक्तात निकोटिन सोडते, आणि मग सकाळची सवय दिवसातून तीन-चार वेळांची होते. हिरडी झिजतेच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर सरकारने १९९२ साली बंदी घातली. परंतु घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही. तेथे घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनीच पोचावे लागेल.

खर्चाची सबब पुढे येते, तिचेही उत्तर आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे देखरेखीखाली माफक शुल्कात कीटण काढून मिळते. कितीदा काढावे हे ज्याच्या त्याच्या तोंडावर अवलंबून. डॉक्टरांनी एकदा पाहिले की ते सांगतात.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हिरड्या अजून त्या पहिल्या, परतीच्या पायरीवर आहेत. विशीत दुखत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो आणि पन्नाशीत दैवाला बोल लावतो. रोज रात्रीची दोन मिनिटे आणि एक धागा, एवढ्यावर हा सौदा आहे. चणे मिळतील तेव्हा दातही असावेत, याची तजवीज आजच करावयास हवी.