छाट : विडीची आणि विडी वळणारीची

बाहेरगावच्या माणसाला सोलापूरची ओळख विचारली तर तो चादर म्हणेल, फार तर गिरण्यांचे भोंगे सांगेल. विडीचे नाव सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः या शहरातील कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा पूर्व भागातील कितीतरी घरांची चूल विडीवरच पेटती राहिली. पुरुषाचा पगार थांबला आणि बाईच्या मांडीवरचे सूप थांबले नाही, असे आमच्याकडे म्हातारी माणसे सांगतात. हे सूप घेऊन बसणाऱ्या जवळजवळ सर्व स्त्रियाच आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा माझ्या आईप्रमाणे तेलुगू बोलणाऱ्या आहेत.

विडी कामगारांच्या मजुरीविषयी, फंडाविषयी आणि घरांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. ज्या ठिकाणी या स्त्रिया रोज माल देतात आणि पान-तंबाखू घेतात, त्या ब्रँचमध्ये त्यांना जी वागणूक मिळते तिचा हा विचार आहे. त्याकरिता मी आमच्या गल्लीतील व शेजारच्या दोन गल्ल्यांतील स्त्रियांशी बोलले. बोलणे बहुतेक तेलुगूतच झाले. कोणाचे नाव किंवा कोणत्या कारखान्याचे नाव मी येथे देणार नाही. तसा शब्द देऊनच मी बसले होते.

आधी काम कसे चालते ते सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यातच आहे. बाई घरी पान भिजवते, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापते, तंबाखू भरून विडी वळते, तोंड मुडपते आणि सुताने बांधते. पंचवीस-पंचवीस विड्यांच्या जुड्या होतात. हात चांगला असेल तर दिवसाला सातशे ते हजार विड्या होतात. दुसऱ्या दिवशी हा माल पिशवीत किंवा डब्यात घालून ब्रँचमध्ये न्यायचा. तेथे खिडकीच्या अलीकडे बायकांची रांग असते आणि पलीकडे चेकर, कारकून, पान मोजून देणारा, मॅनेजर असे पुरुष असतात. मी लहानपणापासून आईबरोबर जात आले, पण खिडकीच्या पलीकडे बाई बसलेली मी पाहिलेली नाही.

चेकर जुड्या उचलतो, बोटांनी दाबतो, एखादी सोडतो, आणि ज्या विड्या पसंत नाहीत त्या बाजूला टाकतो. यालाच ‘छाट’ म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. बरे, विडी वाईट का झाली? पुष्कळदा पानच वाळलेले, भोकाचे मिळालेले असते. पान कमी पडले तर बाजारातून स्वतःच्या पैशाने आणून हजार पुरे करावे लागतात. म्हणजे वाईट पान देणारा तोच, वाईट विडी म्हणून टाकणाराही तोच, आणि दोन्हीची भरपाई करणारी मात्र बाई.

आता वागणुकीकडे वळते. मी पहिल्यांदा ‘छळ’ हा शब्द वापरून विचारले तेव्हा बहुतेकींनी मान हलवून ‘तसे काही नाही’ असे सांगितले. छळ म्हणजे सासरी होतो तो. मग मी नुसते विचारले, ‘छाट कोणाची जास्त निघते?’ त्यावर बोलणे थांबेना. जी उलट बोलते तिची. जी हसत नाही तिची. नवीन लग्न होऊन आलेली, पण नवरा पिणारा आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तिची आधी थोडी आणि मग एकदम जास्त. पान देताना हात धरला म्हणून जिने हात झटकला, तिची पुढचे आठ दिवस. चेकर ज्या नावांनी हाका मारतो ती नावे मला महाविद्यालयाच्या अंकात लिहिता येणार नाहीत. रांगेतल्या सर्वांसमोर तो ती नावे घेतो आणि कारकून हसतात. हसणाऱ्यांत एखादा चांगला माणूस नसेल असे नाही, पण तोही हसतो.

आमच्या गल्लीतील एका अक्काचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. तिचा हात इतका साफ की लहान मुलींना वळायला शिकवायचे झाले तर तिच्याकडे पाठवीत. चेकरने तिला एका संध्याकाळी ब्रँच बंद होताना ‘हिशेबाला’ येण्यास सांगितले. ती गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हजारांतील शे-दीडशे विड्या छाटीत जाऊ लागल्या. तिचा हात एका रात्रीत बिघडला असे कोणी म्हणेल काय? तिने घरी सांगितले नाही, कारण घरचे तिलाच ब्रँचला जाण्याची बंदी करतील आणि मग खायचे काय, हा प्रश्न होता. हे ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले की धमकी देण्याची चेकरला गरजच नाही. त्याने काहीही न बोलता चार जुड्या बाजूला सरकविल्या की पुरे. वरून पाहणाऱ्या मालकाला तो मालाची पारख करताना दिसतो.

हा प्रकार विडीपुरता किंवा आजचा नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर नावाचा माणूस होता. कामावर घेणे, काढणे, खाते नेमून देणे हे त्याच्या हाती असल्यामुळे कामगार त्याला दस्तुरी देत. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रिया असत व त्यांच्यावर ‘नायकीण’ असे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर टीका केली. जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत तेथे त्यांच्या देखरेखीसाठी निदान एक शिकलेली स्त्री नेमावी, अशीही शिफारस केली. त्याला आता नव्वदांहून अधिक वर्षे झाली. माझ्या एका वर्गमित्राचे म्हणणे असे की बाई नेमल्याने काय होते, नायकिणीही पैसे खातच होत्या. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. ज्या सत्तेची कोठे नोंद होत नाही ती बाईच्या हाती गेली तरी नासतेच. तथापि निदान संध्याकाळी एकटीने हिशेबाला येण्याचे बोलावणे तरी टळेल, असे मी त्याला म्हटले.

आपल्या जवळचे उदाहरण निपाणीचे आहे. सीमाभागातील या मराठी बोलणाऱ्या गावात तंबाखूच्या वखारी होत्या. त्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा मराठी माहितीपट केला. त्याची हकीगत वाचताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तेथल्या स्त्रियांनी मजुरीचा प्रश्न आणि वखारीतल्या पुरुषांच्या वागणुकीचा प्रश्न असे दोन प्रश्न वेगळे केले नाहीत. आमच्याकडे ते वेगळे पडले. सोलापूरच्या विडी कामगारांच्या लाल बावट्याने मोठी कामे केली आहेत. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आणि २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. ही गोष्ट लहान नाही. परंतु घरात आलेली जी हँडबिले मी जपून ठेवली आहेत, त्यांत मजुरी, फंड, पेन्शन आहे आणि खिडकीपलीकडच्या जिभेबद्दल एक ओळही नाही. उषाताई डांगे यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘पण ऐकतं कोण?’ असे आहे, ते येथे आठवते.

कायदा काय म्हणतो? विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याने घरी बसून विडी वळणारी बाई कामगार मानली, मध्ये मक्तेदार असला तरी मूळ मालकाची जबाबदारी धरली, आणि छाटीवरून व छाटीच्या मजुरीवरून होणारा तंटा तोडण्यासाठी सरकारने अधिकारी नेमावा अशी तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या व हा कायदा त्यांत सामावला गेला. पण १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मला त्याहूनही उद्बोधक वाटतो. घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो की नाही, असा वाद होता. मालकांचे म्हणणे, या बायका आमच्या नोकर नव्हेत, त्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या सवडीने काम करतात, आमची त्यांच्यावर देखरेख कोठे आहे? न्यायालयाने ते मानले नाही. माल नापसंत करून टाकून देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे देखरेख आणि नियंत्रणही आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे जी छाट बाईला रोज नमविते, तिच्याच आधारे ती कामगार ठरली.

दुसरा धागा राजस्थानातून येतो. भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ होती. बालविवाह थांबविण्याचे काम ती करीत होती म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने त्या आरोपातून आरोपींना सोडले. स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १९९७ साली ‘विशाखा’ निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. पुढे २०१३ चा कायदा झाला. आमच्या वर्गात पुष्कळ जणींची समजूत अशी की हा कायदा पुण्या-मुंबईच्या काचेच्या कार्यालयांसाठी आहे. वास्तविक तो एका खेड्यातील, अल्प मानधनावर काम करणाऱ्या कुंभार स्त्रीच्या दुःखातून निघाला आहे. पुढे तो कचेऱ्यांत जाऊन बसला आणि जिच्यासारखीमुळे आला तिच्यापर्यंत परत पोहोचला नाही.

या कायद्यात एजंट किंवा मक्तेदारामार्फत कामाला लावलेली बाईही येते, आणि कामानिमित्त जावे लागते ते प्रत्येक ठिकाण कामाचे ठिकाण ठरते. तेव्हा ब्रँच त्यात बसते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी. जेथे दहांपेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत लेखी करायची, कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर समितीने लिहिण्यास मदत करायची आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. हे मी गल्लीत तेलुगूत समजावून सांगितले तेव्हा बायकांना सर्वांत जास्त दिलासा या शेवटच्या वाक्याने मिळाला. २०२३ साली, गोव्यातील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानेच या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा असल्याचे म्हटले आहे. तेव्हा ब्रँचपर्यंत तो आला नाही याचे नवल वाटू नये.

पण एक ठिकाणी मी अडले. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीची बदली करता येते किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, असे कलम आहे. मी ते अक्काला वाचून दाखविले. ती म्हणाली, ‘रजेत पान मिळतं का?’ हजारावर मजुरी मिळविणाऱ्या बाईला रजा म्हणजे उपास. महिन्याच्या पगाराची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून हे कलम लिहिले गेले असावे. बदलीचे म्हणाल तर दुसरी ब्रँच म्हणजे दुप्पट चालणे, आणि तेथेही कार्ड तपासणारा याच चेकरला ओळखणारा. तिच्यासाठी रजेपेक्षा वेगळी तरतूद हवी. चौकशी संपेपर्यंत तिचा माल दुसऱ्या माणसाने तपासावा, आणि छाट निघाली तर ती विडी तिच्यासमोर मोजून, कारण लिहून, कार्डावर नोंदवावी. त्यात मालकाला एक पैशाचाही खर्च नाही.

अक्काने अद्याप तक्रार केलेली नाही. तिची मुलगी आठवीत आहे. तिने एका जुन्या वहीत रकाने पाडले आहेत : तारीख, पान किती, विड्या किती, छाट किती, खिडकीवर कोण होते. आता गल्लीतल्या चौघी एकाच वेळी ब्रँचला जातात आणि एकीचा माल मोजून होईपर्यंत बाकीच्या तिघी हलत नाहीत. चेकरने दोनदा हटकले, मग सोडून दिले. मुलीने गेल्या रविवारी मला वही दाखविली. चेकर सुटीवर होता आणि दुसरा माणूस बसला होता, अशा चार दिवसांपुढे छाटीच्या रकान्यात अकरा, आठ, चौदा आणि नऊ असे आकडे आहेत. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळींत तीन आकडी संख्या आहेत.