समूहगायन : बैठक व श्वास

आंबा घाटाकडील पाऊस एकदा लागला की मलकापूर परिसरातील शाळांची प्रार्थना पटांगणातून ओसरीवर येते. जागा अपुरी, वर पत्र्यावर पावसाचा मारा. मुले ओरडू लागतात, आणि शिक्षकही 'मोठ्याने म्हणा' असेच सांगतात. आठवडाभरात दोन-चार मुलांचे घसे बसतात. त्याचे खापर सर्दीवर फुटते. पुष्कळदा खरा दोष ओरडण्याचा असतो.

कंठातील स्वरतंतू कंप पावतात ते श्वासाच्या प्रवाहाने. छातीच्या तळाशी असलेले श्वासपटल खाली सरकले म्हणजे फुप्फुसे भरतात व पोट किंचित पुढे येते. खांदे उचलून घेतलेला श्वास उथळ राहतो, मान आखडते आणि सारा भार कंठावर पडतो. यास्तव मुलांना मांडी घालून, पाठीचा कणा सरळ व खांदे सैल ठेवून बसवावे. हनुवटी वर उचलू देऊ नये. कवायतीत छाती फुगवून पोट आत ओढण्याची जी सवय लागते, ती गाताना मोडावी लागते. पोटावर तळहात ठेवून श्वास घ्यावयास सांगितल्यास पहिलीच्या मुलालाही फरक कळतो.

यानंतर नाकाने सावकाश श्वास घेऊन एकच स्वर मंद आकारात लावावा. किती वेळ टिकला याची चढाओढ लावू नये. स्वर थरथरू लागताच थांबावे. प्रार्थनेत श्वास कोठे घ्यावयाचा, त्या जागा फळ्यावर खुणेने दाखवाव्यात. शब्दाच्या मध्येच श्वास तुटला तर अर्थही तुटतो.

अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारी आले. तत्पूर्वी अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला होता, व तो पुन्हा कमावण्यासाठी त्यांना दीर्घ मेहनत करावी लागली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा दमसास व खुला आकार विख्यात झाला. एवढ्या तयारीच्या गवयाचा कंठही अतिश्रमाने दगा देतो, मग सात वर्षांच्या मुलाची काय कथा!

पुरुष शिक्षक स्वतःला सोयीची पट्टी धरतात. ती मुलांना बहुधा फार खालची पडते. पट्टी मुलांच्या गळ्याला पाहून ठरवावी. सातवीच्या सुमारास ज्या मुलांचा आवाज फुटू लागतो, त्यांना उंच स्वरांचा आग्रह करू नये. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी प्रार्थना वर्गावर्गांतून, हळू म्हणावी. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर पालकांस सांगून मुलास आरोग्य केंद्रात दाखवावे.