खोली पांढरी की निळी?

पाऊस ओसरला की धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी पनवेलच्या आपल्या वस्त्यांमध्ये रंगकामाची लगबग सुरू होते. घरभेटीला गेलो की आम्हाला हमखास विचारतात, "ताई, खोली पांढरी करू की निळी?" निळा तर आपल्या जिव्हाळ्याचा! पण आज आरोग्याच्या बाजूने पाहू.

उजेड : पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के उजेड खोलीत परत टाकते, गडद निळी जेमतेम १० टक्के. एकाच खिडकीच्या दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि डाळ-तांदूळ निवडणाऱ्या आजीला हा फरक लगेच जाणवतो.

ओल : आपल्याकडच्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरते. पांढऱ्यावर काळे ठिपके लगेच दिसतात. गडद रंगावर बुरशी लपून वाढते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढवते. आधी गळती बंद करा, मग रंग लावा.

शिसे : छटेइतकाच डबाही महत्त्वाचा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे असण्यास कायद्याने बंदी आहे. लेबल नसलेला सुटा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दारे-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल रंगात, शिसे असू शकते. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक आहे आणि त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा. त्या वेळी मुले आणि गरोदर भगिनी घरात नकोत. आपल्यातले अनेक भाऊ रंगकाम करतात. त्यांनी घरी आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच लेकराला उचलावे.

मग निळा नकोच का? तसे नाही. बाबासाहेबांच्या प्रतिमेमागची एक भिंत खुशाल निळी करा. खिडकीसमोरची मात्र पांढरी ठेवा. दाराची चौकट आणि स्विचबोर्डाभोवतीची पट्टी निळी केली, तर नजर मंदावलेल्या आजी-आजोबांना ती पांढऱ्या भिंतीवर चटकन सापडते. ठरवण्याआधी भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे मारा आणि सकाळी व रात्री ट्यूबलाइटखाली पाहा.

रंग वाळेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. नंतरही ठेवा, कारण मोकळ्या हवेचे काम कोणताही रंग करत नाही.