नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेला वर्णभेद : एक अभ्यासपाठ

विद्यार्थी मित्रांनो, कादंबरीचा अभ्यास म्हणजे कथानकाचा सारांश, असा आपला समज असतो. कथा कोण सांगते, ती कुठे व केव्हा घडते, कोणती वस्तू मनात घर करते, हे प्रश्न राहून जातात. अन्यायाचे खरे स्वरूप मात्र याच प्रश्नांतून उलगडते. उदाहरणादाखल अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) ही कादंबरी घेऊ. तिला १९७७ साली बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले.

स्थळ-काळ : मिसिसिपी राज्य, १९३३ साल. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. पण शाळा वेगळ्या, बस फक्त गोऱ्या मुलांना. आसपासची बरीच कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्यांची जमीन वाट्याने कसतात. लोगन कुटुंबाची मात्र स्वतःची जमीन आहे. तिचे कर व कर्ज फेडण्यासाठी वडील दूर लुइझियानात रेल्वेवर राबतात. म्हणून जमीन ही येथे केवळ पार्श्वभूमी नाही. ती स्वाभिमानाचे प्रतीक आहे.

निवेदन : कथा सांगते नऊ वर्षांची कॅसी. तिला 'नियम' ठाऊक नाहीत. गावच्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांना आधी माल का देतात, हे तिला कळत नाही व ती सरळ विचारते. मोठ्यांच्या अंगवळणी पडलेला अन्याय तिच्या प्रश्नामुळे पुन्हा टोचू लागतो. निवेदक प्रौढ असता, तर ही धार आली नसती.

प्रतीक : कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ लिटल मॅन नव्या पुस्तकासाठी आतुर असतो. हाती येते गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेले, मळके पुस्तक. आतल्या तक्त्यात वर्षागणिक पुस्तकाची अवस्था व विद्यार्थ्याचा वंश नोंदलेला. पुस्तक पार खराब झाल्यावरच ते कृष्णवर्णीय मुलाच्या नावे लागलेले! लिटल मॅन ते जमिनीवर आपटून तुडवतो. दोघा भावंडांना छड्या बसतात. शिक्षिका असलेली आई मात्र तो तक्ता कागद चिकटवून झाकते. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या बाल भीमरावांची आठवण येथे आपल्याला झाल्याशिवाय राहत नाही.

पात्रे व संघर्ष : आई मुलांना गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवते व नोकरी गमावते. टी. जे. हा मित्र गोऱ्या मुलांच्या खोट्या मैत्रीला भुलतो व त्यांच्याच गुन्ह्यात अडकतो. जमाव त्याला फासावर लटकवायला निघतो, तेव्हा वडील आपल्याच कापसाला आग लावतात. आग विझवायला सगळे धावतात आणि मुलाचा जीव तेवढ्यापुरता वाचतो. त्याचे पुढे काय होणार, ही टांगती तलवार कायमच राहते. कॅसी अखेरीस टी. जे.साठी आणि जमिनीसाठी रडते. तिचे बालपण तेथे संपते.

न्याय मिळाल्याचा खोटा दिलासा लेखिका देत नाही. स्वाभिमानाची किंमत मोजावी लागते, हे ती सांगते. आणि तरी तो सोडू नका, हेही.

स्वाध्याय :
१. हीच कथा आईने सांगितली असती, तर काय बदलले असते?
२. लिटल मॅनची कृती व आईची कृती यांत साम्य कोणते, भेद कोणता?
३. तुमच्या आजीला किंवा आजोबांना शाळेतला एक प्रसंग विचारा व तो त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.

तिसरा स्वाध्याय आधी करा. सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच तो होईल.

जय भीम!